दोन बोटं

कोठ्यामागं, न्हाणीच्या सांडपाण्यावर
नागदवणा माजलाय.
साप येऊ नये म्हणून बाबांनी कधीतरी लावलेला.
मी एक पान उलटं केलं: खालून पांढरं,
राखेत लोळून आल्यासारखं.
चुरगळून नाकाशी नेलं, आणि निगाताचा तो नदीकाठ
थेट आमच्या अड्याळला, शेणाच्या वासाशेजारी.

"हे खातात तिकडं," मी म्हटलं.
"सापाचं झाड होय ते," माय म्हणाली,
"तिकडं काय भाजीपाला पिकत नाही?"

कपड्यांच्या घडीतून किलोभर तांदूळ काढला.
बाबांनी तळहातावर घेतला, फुंकर मारली,
उजेडात धरला. उजेड आरपार गेला नाही.
"चिन्नोर नव्हे, लुचई नव्हे.
याचा भात मोकळा होणार नाही, पोरी."
"होत नाही," मी म्हटलं. "त्यासाठीच आणला."
ते हसले. हसताना ओठ हलतात,
जबडा जागच्या जागी राहतो.

पाला उकळला, भज्यांचा सोडा चिमूटभर टाकून,
म्हणजे कडूपणा थोडा उतरतो.
थोडाच.
भात वाफवला. उखळ घासून घेतलं.
मुसळ मायकडं. मी ओल्या हातानं
दोन घावांच्या मधल्या जागेत
गोळा उलटायचा.

माय, थांबू नको, थांबलीस की हात चुकतो.
हं. उलट. हं. उलट.
चार वर्षं फोनवर जे बोललो नाही
ते तेव्हाही बोललो नाही.
मुसळ माझ्या बोटांपासून वीतभर वर यायचं
आणि माझा हात निघेपर्यंत
तिथंच थांबल्यासारखं वाटायचं.
पांढऱ्यात हिरवं शिरत गेलं,
आधी रेघ, मग डाग, मग सगळंच.

हारुए-सान, खोली सात, वय एक्क्याण्णव.
तिचं जेवण चमच्यावर थरथरायचं, सगळं गाळलेलं, सगळं मऊ.
भिंतीवर सूचना होती, चित्रासकट:
हा चिकट गोळा म्हाताऱ्यांच्या घशात बसतो, देऊ नये.
नाष्ट्याला ती रोज विचारायची,
"योमोगी आलं का गं?"
आणि मी माझ्या तिसरीतल्या जपानीत सांगायची,
"अजून नाही."
खिडकीखाली ते गुडघाभर आलेलं असायचं.
दोन एप्रिल मी असं खोटं बोलले.
तिसरा एप्रिल तिला लागलाच नाही.

आत बरबटीचं पुरण, गुळातलं.
वरून भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. ते घरचंच,
यंदा भाव पडला म्हणून पोतं तसंच होतं.
शेजारची पुस्तकलाबाई डोकावली, एक उचलला,
दाताला चिकटला तसा एका हातानं तोंड झाकून
घरी निघून गेली. संध्याकाळी
ताटली घेऊन परत आली.

बाबांसाठी मी कात्री घेतली.
भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणतात, तोंड उघडा,
आणि स्वतःची बोटं उभी लावून मोजतात.
दोन. मागच्या वर्षी अडीच होती.
खर्रा आता सुटलाय, असं बाबा सांगतात.
माय काही सांगत नाही.

हरभऱ्याएवढे तुकडे केले.
हनुवटी जराशी खाली. चमचा खालून.
एक घास. घाटी वर गेली, खाली आली,
मग दुसरा.
"म्हातारा समजलीस काय मले?"
"पगार घेते याचा," मी म्हटलं. "गप बसा."
गप बसले. बराच वेळ चावत राहिले,
तांदळाची परीक्षा करतात तसे,
डोळे कौलांकडं.
"कडू आहे," म्हणाले. "पण मागून."
मग, जरा थांबून,
"आहे का अजून?"

भांड्यात पुष्कळ होतं.
मला पटकन उत्तर देता आलं नाही.
तेवढ्यात मागून माय ओरडली,
उखळाला सगळा गम चिकटलाय,
गरम पाणी आण,
वाळला तर उद्या कुदळीनं काढावा लागंन.